विष सापडलंच नाही तर? पुण्यातले दोन मृत्यू आणि नागपूरचा नियम

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचे हेडफोन पुन्हा एका बाजूने बंद पडलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग वाचायच्या स्वरूपात.

सुरुवात एका कादंबरीपासून करू. रेक्स स्टाउट नावाचा अमेरिकन लेखक. त्याचा डिटेक्टिव्ह नीरो वुल्फ. वजनदार माणूस, ऑर्किडचा शौकीन, कामासाठी घराबाहेर पडायचं म्हटलं की याच्या कपाळाला आठ्या. १९४८ साली या मालिकेतली ‘अँड बी अ व्हिलन’ आली. न्यूयॉर्कमध्ये एक लोकप्रिय रेडिओ कार्यक्रम लाइव्ह चाललाय. प्रायोजक एक कोल्ड्रिंक कंपनी. त्यामुळे माइकसमोरच सगळ्यांनी ते पेय प्यायचं, वा वा करायचं. एक पाहुणा ग्लास तोंडाला लावतो आणि लाखो श्रोत्यांच्या कानांदेखत मरतो. ग्लासात सायनाइड! पुढे वुल्फ येतो, वीस हजार डॉलर फी ठरवतो आणि शेवटी खुनी कोण ते सांगतो. स्पॉयलर देत नाही, काळजी नको.

मजा बघा, त्याच १९४८ च्या जुलैमध्ये आपल्या नागपुरात आकाशवाणी केंद्र सुरू झालं. तिथे असं काही घडलं नाही, देवाची कृपा. पण मला प्रश्न पडला: समजा घडलं असतं, तर कोणी काय केलं असतं? खासगी डिटेक्टिव्हला आपल्याकडे ना कुणाला अटक करता येते, ना घराची झडती घेता येते, ना व्हिसेरा तपासायला पाठवता येतो. २००७ साली अशा एजन्सींसाठी एक विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचाही कायदा झाला नाही. म्हणजे आपल्याकडे विषाची गोष्ट डिटेक्टिव्हच्या दिवाणखान्यात संपत नाही, ती कोर्टात संपते. आणि कोर्टात विष सिद्ध कसं करायचं, या गोष्टीत नागपूर दोनदा येतं. हे नागपूरकरांनाही फारसं माहीत नसतं.

विषाची पंचाईत

चाकूने खून झाला तर जखम दिसते. गोळी झाडली तर आवाज होतो. विष मात्र जेवणातून, औषधातून, विश्वासातून आत जातं. देणारा बहुतेक वेळा घरातलाच किंवा ओळखीचा. साक्षीदार नाही. लक्षणंसुद्धा एखाद्या आजारासारखी.

म्हणून कोर्ट साधारण तीन प्रश्न विचारतं. एक, मृत्यू विषानेच झाला का? दोन, आरोपीकडे ते विष होतं का? तीन, ते द्यायची संधी त्याला होती का? तिन्हींची उत्तरं क्वचितच कुणी डोळ्यांनी पाहिलेली असतात. मग उरतो परिस्थितिजन्य पुरावा. म्हणजे लहान लहान गोष्टींची कडी, आणि कडीला कडी जोडून साखळी.

ही साखळी किती घट्ट हवी? इथे पहिल्यांदा नागपूर येतं.

नागपूर, दारूचं टेंडर आणि एक टाइपरायटर

तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. हनुमंत गोविंद नरगुंदकर हे प्रांताचे अबकारी आयुक्त. त्यांच्यावर आरोप असा की, सिवनीच्या दारूभट्टीच्या कंत्राटात त्यांनी प्रतिस्पर्ध्याचं बंद टेंडर एका ठेकेदाराला आधीच दाखवलं, आणि नंतर झाकपाक करायला मागची तारीख टाकून खोटं पत्र तयार झालं. पुरावा काय? ज्या टाइपरायटरवर ते पत्र टाइप झालं म्हणे, तो पत्रावरच्या तारखेनंतर आला होता. काय क्लू आहे ना! कुठल्याही रहस्यकथेत इथेच टाळ्या पडल्या असत्या.

नागपूरच्या कोर्टांनी दोघांना दोषी धरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ सप्टेंबर १९५२ ला दोघेही सुटले. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी निकालात जे मांडलं, ते आजही देशातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतं. प्रत्येक कडी पूर्ण सिद्ध झालेली हवी. सगळ्या कड्या मिळून फक्त आरोपीच्या गुन्ह्याकडेच बोट दाखवायला हव्यात. दुसरी कुठलीही वाजवी शक्यता उरता कामा नये.

त्यांनी १८३८ च्या एका इंग्रजी खटल्याचीही आठवण करून दिली. बॅरन अल्डरसन या न्यायाधीशाने तेव्हा ज्यूरीला सावध केलं होतं. त्याचा सारांश असा: माणसाच्या मनाला तुकडे जुळवायला फार आवडतं. तुकडा बसत नसेल तर आपण तो थोडा दाबून बसवतो. आणि माणूस जितका हुशार, तितका तो यात जास्त फसतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. कारण रहस्यकथा आपल्याला नेमकं याच्या उलट शिकवते. तिथे हुशार माणूस चुकतच नाही.

पुणे ते मुंबई, १२ नोव्हेंबर १९५६

आता नागपूरहून पुण्याला जाऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली, नागपूर हायकोर्ट संपलं. त्यानंतर अकराच दिवसांनी, १२ नोव्हेंबरच्या रात्री, पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे मुंबईला जायला गाडीत बसल्या.

लक्ष्मीबाई विधवा होत्या. पैसा, शेअर, घर असं सगळं होतं. मधुमेह होता, क्षयही होऊन गेला होता. सोबत होते डॉ. अनंत चिंतामण लागू. त्यांचे डॉक्टर, त्यांच्याच वाड्यात राहणारे, घरचेच झालेले. मुंबईतल्या एका तज्ज्ञाला तब्येत दाखवायची, असं ठरलेलं.

पहाटे पाचच्या सुमारास गाडी व्हीटीला लागली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. जवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटल होतं, पण लागूंनी त्यांना जीटी, म्हणजे गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे नाव सांगितलं इंदुमती. आडनावही कर्वे नाही, दुसरंच. पत्ता स्वतःच्या भावाचा. साडेअकराच्या सुमारास लक्ष्मीबाई गेल्या. कारण लिहिलं गेलं मधुमेही कोमा. एका वरिष्ठ डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम करा म्हटलं होतं, ते तेव्हा झालं नाही. लागू पुण्याला परतले. ना नातेवाइकांना कळवलं, ना अंत्यसंस्कार केले.

ज्या बाईच्या घरात इतकी वर्षं वावरलो, तिला खोट्या नावाने शवागारात ठेवून हा माणूस निघून गेला. विषाचं राहू दे बाजूला, मला इथेच गार वाटतं.

बेवारस म्हणून मृतदेह ग्रँट मेडिकल कॉलेजकडे विच्छेदनासाठी गेला. तिथल्या एका कर्मचाऱ्याला गळ्यावर खूण दिसली. त्याने ती दुर्लक्षित केली नाही, वर सांगितलं. म्हणून दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, पोस्टमॉर्टेम झालं. गळ्यावरची खूण मृत्यूनंतरची निघाली. व्हिसेरा तपासला. विष सापडलं नाही. मधुमेही कोमा हेच मत कायम राहिलं आणि फाइल बंद.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंची पत्रं येऊ लागली! मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलंय, जयपूरजवळ राठोडी नावाच्या गावी राहते, माझा शोध घेऊ नका. चौकशी केली तर असं गावच नाही. दुसरीकडे त्यांचे पैसे, शेअर, घरातलं सामान एकेक करून डॉक्टरांकडे जात होतं. सह्या त्यांच्याच, कारण कोऱ्या कागदांवर आधीच घेतलेल्या.

ओळखीच्या लोकांना हे पटेना. ही बाई असं करणार नाही, एवढंच त्यांच्याकडे होतं. त्यावरच ते अडून बसले. १९५७ संपता संपता तक्रार सरकारपर्यंत गेली, मुलानेही तक्रार केली, आणि मार्च १९५८ मध्ये लागूंना अटक झाली.

म्हणजे या गोष्टीतला खासगी डिटेक्टिव्ह कोण? विच्छेदनगृहातला कर्मचारी आणि पत्रांवर विश्वास न ठेवणारे चार लोक. फी शून्य.

नागपूरचे न्यायमूर्ती

पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई हायकोर्टाने कायम केली. १४ डिसेंबर १९५९ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. तो लिहिला न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. इथे नागपूर दुसऱ्यांदा येतं.

हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. पुढे केंब्रिज, मग १९३० पासून नागपूरला वकिली. लॉ कॉलेजात शिकवलं, १९४६ ला नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९५४ ला मुख्य न्यायमूर्ती. सिव्हिल लाइन्समधली ती घुमटाची इमारत, जिथे आज खंडपीठ भरतं, तिथेच त्यांचं काम चालायचं. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपतीही झाले.

लागूंच्या वकिलांचा मुद्दा बिनतोड वाटत होता: विष सापडलेलं नाही, मग विषाने खून कसा? हिदायतुल्लांचं उत्तर थोडक्यात असं. विष सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला, तर जो खुनी जितका हुशार, जो माग न ठेवणारं विष निवडेल, तो तितका सहज सुटेल. सगळीच विषं तपासणीत सापडत नाहीत, त्यात इथे दहा दिवस गेलेले. म्हणून मृत्यूआधीचं आणि नंतरचं वागणं बघा. खोटं नाव, सोडून दिलेला मृतदेह, खोटी पत्रं, बळकावलेली मालमत्ता. आजाराने मृत्यू झाला असता, तर हे सगळं करायची गरजच काय होती? वैद्यकीय पुराव्यातून मधुमेही कोमाही टिकत नाही. साखळी पूर्ण आहे. अपील फेटाळलं.

पण थांबा. निकाल एकमताने नव्हता, दोन विरुद्ध एक होता. न्यायमूर्ती ए. के. सरकार यांनी वेगळं मत दिलं. लबाडी दिसते, लोभ दिसतो, मान्य. पण मृत्यू नैसर्गिक नव्हताच, हे सिद्ध झालेलं नाही. मग फाशी कशी? म्हणजे तीच साखळी, तेच कागद, देशातले तीन अत्यंत हुशार लोक, आणि एकाला शेवटची कडी दिसत नाही.

आणि उलटी गोष्ट

पंचवीस वर्षांनी पुण्यातूनच दुसरं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं: शरद बिरधीचंद सारडा खटला. १९८२ च्या जून महिन्यात, लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांनी एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. इथे विष सापडलं होतं, पोटॅशियम सायनाइड. आपल्या रेडिओवाल्या कादंबरीतलंच. पुण्याच्या कोर्टाने पतीला फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली. १७ जुलै १९८४ ला सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांवरून ती फार दुःखी होती हे दिसत होतं. त्यामुळे आत्महत्येची शक्यता खोडून काढता येत नव्हती. दुसरी वाजवी शक्यता उरली, म्हणजे साखळी तुटली.

या निकालात न्यायमूर्ती फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली, त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. त्यांचा पाया कुठला? १९५२ चा नरगुंदकर खटला. आपल्या नागपूरच्या दारूच्या टेंडरचा!

म्हणजे बघा, एका खटल्यात विष नव्हतं आणि फाशी कायम झाली. दुसऱ्यात विष होतं आणि आरोपी सुटला. वरवर हे उलटसुलट वाटतं, पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: बाटलीत काय सापडलं ते नंतर बघू, दुसरी काही शक्यता उरते का ते आधी सांगा.

मला विचाराल तर लागू प्रकरणात मी बहुमताच्या बाजूने आहे. एखादं विचित्र वागणं योगायोग असू शकतं, महिनोन् महिने मृत बाईच्या नावाने पत्रं पाठवणं हा योगायोग नाही. तरीही सरकारांचं मत मला जपून ठेवावंसं वाटतं. कारण फाशी झाल्यावर कडी पुन्हा तपासता येत नाही.

आणि हे फक्त कोर्टापुरतं नाही. आज कुठेही कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला की संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दहा नीरो वुल्फ तयार होतात. चॅटचे स्क्रीनशॉट, सीसीटीव्हीची क्लिप, वर लाल गोल. तिच्या नवऱ्याचा चेहराच बघा ना, काऊन बाप्पा, सरळ दिसून राहिलं! अशा वेळी तो टाइपरायटर आठवा. तिथेही सरळच दिसत होतं. संशय जरूर घ्या. त्या विच्छेदनगृहातल्या कर्मचाऱ्याने घेतला नसता, तर लक्ष्मीबाई कायम कुणीतरी इंदुमती म्हणूनच राहिल्या असत्या. पण त्याने खूण दिसली एवढंच सांगितलं. खुनी कोण ते नाही सांगितलं. फॉरवर्ड करण्याआधी एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

चला, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या वेळी हायकोर्टाच्या त्या घुमटासमोरून गेलात तर एकदा वर बघा. भेटू पुढच्या भागात.