पायाखालची फरशी आणि पेल्याखालची चकती

नाशिकच्या जुन्या वाड्यांत पाणी पिण्याच्या भांड्याखालीं कांहीं ठेवण्याची चाल नव्हती, कारण तशी गरजच नव्हती. जेवणारा पाटावर बसे, तांब्या-भांडें हाताशीं शेणानें सारवलेल्या जमिनीवर राही, आणि भांड्याच्या बुडाला लागलेलें पाणी जमीन मुकाट्यानें पिऊन टाकी. गरम पातेल्यासाठीं अडणी असे, डोक्यावरच्या घागरीसाठीं चुंबळ असे. परंतु पेल्यासाठीं निराळें आसन मांडावें ही कल्पना टेबल-खुर्ची घरांत आल्यानंतरची आहे. चपड्याचें पॉलिश दिलेल्या सागवानी टेबलावर ओला पेला घटकाभर राहिला कीं लाखेच्या थरांत ओल शिरून पांढरें वर्तुळ उमटतें, आणि तें सहसा पुसून जात नाहीं. या वर्तुळाच्या भीतीनें जी चकती जन्मास आली तिला आज शहरांतून कोस्टर म्हणतात. फुटक्या फरशीच्या वा कपबशीच्या तुकड्यांनीं ही चकती घरींच मढविण्याचा जो छंद आहे, तो दिसावयास लहान. त्याच्या मागें उभा असलेला इतिहास मात्र लहान नव्हे.

तुकड्यांनीं पृष्ठभाग मढविण्याची कला मनुष्यास पांच हजार वर्षांहून अधिक काळ अवगत आहे. सुमेरमधील उरुक नगरांत मातीचे लहान शंकू भाजून, त्यांच्या टोकांना काळा, तांबडा व पांढरा रंग देऊन ते भिंतींत ओळीनें रोवीत. पाहणारास भिंतीवर चटई पसरल्याचा भास व्हावा अशी ती रचना होती. ग्रीसच्या उत्तरेस, अलेक्झांडरच्या जन्मगांवीं पेल्ला येथें, इ. स. पूर्व चौथ्या शतकांत साध्या गोट्या जमिनींत बसवून शिकारीचीं चित्रें रचलीं गेलीं. गोदावरीच्या पात्रांतहि गोट्यांचा तोटा नव्हता. परंतु आपल्याकडे गोट्यास शेंदूर लागला, आणि जमिनीवरचें चित्र रांगोळीच्या भुकटीवर सोंपविलें गेलें. तें रोज पुसावें व रोज नव्यानें काढावें यांतच त्याची गोडी मानली गेली. पर्गमम येथील सोसस नांवाच्या कारागिरानें तर जेवण आटोपल्यावर न झाडलेली जमीनच तुकड्यांनीं चितारली, असें रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून गेला आहे. खरकट्याचें चित्र यजमानाला मोलाचें वाटावें, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. पुढें सहाव्या शतकांत इटलींतील राव्हेन्ना येथें सोन्याचा वर्ख घातलेल्या कांचेच्या तुकड्यांनीं सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांच्या आकृति भिंतींवर झळकूं लागल्या.

महाराष्ट्रांत मात्र ‘मोझॅक’ हा शब्द निराळ्याच वस्तूस चिकटला. घर पाहावयास आलेला पाहुणा ‘मोझॅकची फरशी आहे’ असें म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत संगमरवराच्या चिपा सिमेंटांत कालवून, दाबून, घोटून गुळगुळीत केलेली फरशी असते. युरोपांत तिला टेराझो म्हणतात, व तिचा उगम व्हेनिसच्या कारागिरांकडे जातो. संगमरवराचा उरलासुरला चुरा वाया न घालवितां ते तो जमिनींत घालीत. खऱ्या मोझॅकचा तुकडा ठरल्या जागींच बसवावा लागतो. चिप पडेल तेथें पडते. एकाच शब्दांत या दोन गोष्टी कोंबल्यामुळें नवशिक्याची फसगत होते ती अशी, कीं तो दुकानांत मोझॅक मागतो आणि दुकानदार त्याच्यापुढें जिन्याची फरशी ठेवतो.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या मोठ्या इमारतींसाठीं रंगीत फरशा विलायतेहून येत. १८५८ सालीं उपासनेस खुल्या झालेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या जमिनीवर अशा मिंटनच्या फरशा आहेत. स्वदेशीच्या भरांत १९२२ सालीं फेरोजशा सिधवा व त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनीं ‘भारत’ फरशांचा उद्योग उभारला व उरण येथें कारखाना घातला. कराचीचे देशभक्त जमशेद मेहता यांची प्रेरणा त्यामागें होती. या फरशीची कृति लक्षांत घेण्याजोगी आहे. लोखंडी साच्यांत धातूच्या पट्ट्यांची नक्षीदार जाळी बसवावयाची, तिच्या प्रत्येक घरांत निरनिराळ्या रंगाचें पातळ सिमेंट ओतावयाचें, जाळी अलगद उचलून घ्यावयाची, वर कोरडें सिमेंट व वाळू पसरून दाबयंत्राखालीं दाबावयाची, आणि मग फरशी पाण्यांत मुरत ठेवावयाची. भट्टी नाहीं, जळण नाहीं. म्हणूनच विलायतेशीं टक्कर देणें शक्य झालें. अशा नक्षीच्या फरशा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेल्या, तर चिपांची साधी फरशी मध्यमवर्गाची झाली. १९६४ सालीं ओझरचा विमान कारखाना उभा राहिला, सातपूर-अंबडकडे कारखानदारी वाढली, नाशिकच्या नव्या वसाहती पसरल्या, आणि शेणाचें सारवण जाऊन घराघरांत शहाबादी वा मोझॅक आलें.

खरें तुकड्यांचें काम या काळांत घराच्या डोक्यावर चढून बसलें होतें. गच्चीवरील ‘चायना मोझॅक’ पाहावें. भाजतांना तडकलेल्या, वांकड्या झालेल्या चिनी मातीच्या फरशा फोडून, चकाकती बाजू वर ठेवून गवंडी ते तुकडे सिमेंटांत बसवितो. लहान तुकडा गच्चीच्या उताराबरोबर वळतो, पाणी अडूं देत नाहीं, आणि पांढरा रंग ऊन परतवितो. हाच प्रकार बार्सिलोनामध्यें गौदीनें १९०० ते १९१४ या काळांत एका बागेंत केला तेव्हां जग पाहावयास लोटलें. पुण्यांत जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनीं १९८० च्या सुमारास अहमदाबादच्या आपल्या ‘संगाथ’ या कार्यालयाच्या कमानदार छपरांना हेंच आवरण घातलें. चंदीगडला नेकचंद यांनीं तर फुटक्या कपबश्या व बांगड्या वेंचून गुपचूप एक सबंध नगरीच वसविली. १९७६ सालीं ती लोकांस खुली झाली.

बांगड्यांचें नांव निघालें म्हणून येथें थोडें थांबणें भाग आहे. फुटकी कांच घरांत ठेवूं नये असा आपल्याकडे संकेत आहे. बांगडी फुटली असें न म्हणतां ती ‘वाढली’ असें म्हणतात. याचें कारण उघड आहे. पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या हातांतील बांगड्या फोडण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालली. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ती बंद करण्याचा ठराव केला, व त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर गांवांनींहि तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. तेव्हां हिरव्या कांचेचा तुकडा चकतींत बसवितांना घरांतील वृद्ध स्त्रीचा हात अडखळला, तर तिला भोळी म्हणून हंसण्याची घाई कोणी करूं नये.

जुन्या नाशकांत आणि पंचवटींत पावसाळ्यांत वाडे खचतात, कांहीं पाडले जातात, आणि नक्षीची फरशी डबराबरोबर ट्रकमध्यें जाते. सबंध जमीन वांचविणें कोणा एका कुटुंबाच्या हातीं नसतें. पण दोन फुटक्या फरशा मागून घेतां येतात. नवशिक्यानें चार इंच चौरस गुळगुळीत फरशीच पायास घ्यावी. भुशाची दाबलेली फळी पाण्यानें फुगते. तुकडे जाड फडक्यांत गुंडाळून हातोडीनें फोडावे, डोळ्यांवर चष्मा असावा. मुख्य अडचण जाडीची. जुनी सिमेंटची फरशी जाड, कपाचा तुकडा पातळ व वळलेला. दोन्ही शेजारीं बसविले कीं पेला डुगडुगतो. यावर जुना उपाय उलट रचण्याचा आहे: सपाट तुकड्यांचे चेहरे कागदावर पालथे ठेवून मैद्याच्या खळीनें चिकटवावे, पाठीकडून सिमेंटचा थर देऊन तें सर्व पायावर दाबावें, आणि एक दिवसानें कागद भिजवून सोलावा. वरची बाजू आपोआप समतल येते. मग पांढऱ्या सिमेंटानें दर्जा भराव्या, पाव तासानें ओल्या फडक्यानें पुसावें, आणि तीन दिवस चकती ओल्या कापडाखालीं राहूं द्यावी. घाईनें वाळविलेलें सिमेंट भुसभुशीत राहतें. जुन्या फरशीचा तुकडा चहाचा डाग शोषून घेतो, म्हणून त्यावर शेवटीं मेणाचा हात फिरवावा. उरलेलें सिमेंट मात्र मोरींत ओतूं नये. तें पाण्याखालींहि घट्ट होतें, आणि मग गवंड्याला नळ फोडण्यासाठीं बोलवावें लागतें.