शल्यकर्माचा अधिकार आणि रुग्णाची संमती : क्षारसूत्राच्या इतिहासातून एक विचार

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एक अधिसूचना काढली. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कोणत्या शस्त्रक्रिया शिकाव्यात व पुढे स्वतंत्रपणे कराव्यात याची यादी तीत होती. शल्यतंत्राच्या ३९ आणि शालाक्यतंत्राच्या १९ अशा एकूण ५८ शस्त्रक्रिया तीत नमूद होत्या. इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर २०२० रोजी देशव्यापी काम बंद ठेवून तिचा निषेध केला. एका बाजूने सुश्रुताच्या प्राचीनतेचा दाखला दिला गेला, तर दुसऱ्या बाजूने आधुनिक शिक्षणाचा. खानदेशात धुळे, चाळीसगाव येथे आयुर्वेद महाविद्यालये आहेत आणि चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आयुर्वेद पदवीधर हाच अनेकदा रुग्णाला भेटणारा पहिला डॉक्टर असतो. त्यामुळे हा वाद या भागाला परका नाही.

शस्त्र हाती घेण्याचा नैतिक अधिकार केवळ परंपरेने किंवा केवळ शासकीय आदेशाने मिळत नाही. शिक्षण, पडताळलेले परिणाम आणि रुग्णाची संमती या तीन आधारांवर तो उभा असतो, हे क्षारसूत्राच्या इतिहासावरून दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्राचीन ग्रंथातील अधिकारविचार

सुश्रुतसंहितेत शास्त्र ऐकलेल्या शिष्याला लगेच शस्त्र दिले जात नाही. कोहळा, काकडी यांवर छेदन, पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदन, मृत जनावरांच्या शिरांवर वेधन असा सराव आधी करावा, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. त्यानंतरही राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने व्यवसायात उतरावे, असा दंडक आहे. अज्ञ वैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असेही हा ग्रंथ स्पष्टपणे म्हणतो. म्हणजे नियमनाची जबाबदारी सत्तेवर आहे, ही जाणीव तेव्हाही होती.

मूतखड्यावरील शस्त्रक्रियेच्या प्रकरणातील विचार अधिक मोलाचा आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयित. म्हणून वैद्याने आधी विचारून मगच कर्म करावे, असे तेथे सांगितले आहे. धोका आधी सांगण्याचे तत्त्व येथे आले आहे. मात्र विचारावयाचे आहे ते ‘ईश्वरा’ला, म्हणजे स्वामीला. रुग्णाची स्वतःची इच्छा हा निर्णयाचा आधार झालेला नाही. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

ग्रंथाबाहेरचे शल्यज्ञान

शल्यकर्म सर्वकाळ ग्रंथ जाणणाऱ्या वैद्यांच्याच हाती होते असे नाही. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानावर पुण्याजवळ नवे नाक बसविण्यात आले. ही शस्त्रक्रिया कुंभार जातीच्या एका कारागिराने केली. तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापले गेले आणि त्यावरून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. रुग्णाचे नाव जगाला कळले. शस्त्र चालविणाऱ्याचे नाव मात्र त्या वृत्तात नाही. कोरियातही असेच उदाहरण सापडते. सतराव्या शतकातील बेक ग्वांग-ह्यॉन हा मूळचा घोड्यांचा वैद्य. गळवे चिरण्याच्या कौशल्यावर तो राजवैद्यपदाला पोहोचला. दोन्हीकडे हस्तकौशल्य होते, पण किती रुग्ण बरे झाले व किती दगावले याची नोंद ठेवण्याची व्यवस्था नव्हती. नोंद नसलेले कौशल्य त्या माणसाबरोबरच संपते.

क्षारसूत्र : परंपरेची पडताळणी

या उणिवेवर मात करण्याचा विसाव्या शतकातील लक्षणीय प्रयत्न म्हणजे क्षारसूत्र. नाडीव्रण व भगंदर यांत क्षार लावलेला दोरा वापरण्याचा उल्लेख सुश्रुतात आहे, तर दोरा तयार करण्याची कृती अकराव्या शतकातील चक्रदत्तात आढळते. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून ही पद्धती पुन्हा प्रचारात आणली. आज रूढ असलेल्या कृतीत दोऱ्यावर एकूण २१ लेप दिले जातात : ११ केवळ स्नुहीच्या म्हणजे निवडुंगाच्या चिकाचे, ७ चीक व अपामार्गक्षाराचे आणि ३ चीक व हळदीचे. अपामार्ग म्हणजे खानदेशातील कोणत्याही शेताच्या बांधावर उगवणारा आघाडा. हा दोरा भगंदराच्या मार्गातून ओवून साधारणतः दर आठवड्याला बदलला जातो. मार्ग हळूहळू कापला जातो आणि मागून जखम भरत येते. गुदद्वाराचा स्नायू एकदम कापला गेल्यास मलनियंत्रण जाण्याची जी भीती असते, ती अशा संथ छेदनाने कमी होते, असा यामागील विचार आहे.

देशपांडे व शर्मा यांनी १९७३ मध्ये २०० रुग्णांचा अनुभव अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध केला. तथापि एकाच गटाचा अनुभव ही तुलना नव्हे. ती तुलना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर केली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यावयाचा हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राने जखम भरण्यास ८ आठवडे लागले, तर रूढ शस्त्रक्रियेने ४. भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मात्र क्षारसूत्रात ४ टक्के व शस्त्रक्रियेत ११ टक्के होते.

हे आकडे अभिमानाने सांगितले जातात, पण ते पूर्ण सांगितले पाहिजेत. सहभागी ५०२ रुग्णांपैकी दीर्घकालीन परिणाम २६५ जणांचाच हाती आला. शिवाय दुप्पट काळ चालणारा उपचार रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या मजुराला परवडेलच असे नाही. उलट तो रुग्णालयात न राहता घेता येतो, हा त्याच मजुराचा फायदाही आहे. तेव्हा दोन्ही उपचारांपैकी श्रेष्ठ कोणता, याचे उत्तर चाचणी एकटी देऊ शकत नाही. ते रुग्णाला विचारावे लागते.

स्वामीच्या अनुज्ञेकडून रुग्णाच्या संमतीकडे

कायद्याने प्रथम वैद्याचा अधिकार निश्चित केला. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियमाने वैद्यांची नोंदणी सुरू झाली. पूर्व व पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई प्रांतात असल्याने तो येथेही लागू झाला. पुढे १९६१ चा महाराष्ट्राचा अधिनियम आला. मुख्तियार चंद खटल्यात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने आधुनिक औषधे वापरण्याचा आयुर्वेद पदवीधराचा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे सांगितले. दक्षिण कोरियात १९५१ च्या कायद्याने दोन वैद्यकांचे वेगळे परवाने निर्माण झाले. तेथेही कोरियन वैद्याने अल्ट्रासाउंड यंत्र वापरावे की नाही, हा वाद डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्याच्या बाजूने निकाल देईपर्यंत चालला.

या साऱ्या वादांत वैद्य काय करू शकतो एवढेच विचारले गेले. रुग्णाचा प्रश्न भारतीय न्यायालयात ठळकपणे आला तो १६ जानेवारी २००८ च्या निकालात. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय व बीजांडे तिच्या आईच्या संमतीवरून काढण्यात आली होती. सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. सुश्रुताच्या ‘ईश्वरा’ची जागा येथे प्रत्यक्ष रुग्णाने घेतली. आपल्या भागात आजही पत्नीच्या अर्जावर पतीने आणि वृद्ध आईच्या अर्जावर मुलाने सही करण्याची सवय आहे. मूळव्याध, भगंदर यांसारख्या संकोचाच्या विकारांत तर रुग्णस्त्री बोलतच नाही, बोलतात ते सोबतचे. ही सवय कोणत्याही एका पॅथीची नाही.

निष्कर्ष

क्षारसूत्राला मान मिळाला तो प्राचीन म्हणून नव्हे. प्राचीन असूनही त्याने तुलनेला सामोरे जाण्याचे टाळले नाही म्हणून. यादीतील प्रत्येक शस्त्रक्रियेला हीच कसोटी लावली पाहिजे. खानदेशातील शल्यतंत्र विभागांनी आपल्या रुग्णांची वर्षभराची पाठपुरावा नोंद ठेवावी, अपयशही लिहावे आणि संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत, गरज पडल्यास अहिराणीतून समजावून मगच सही घ्यावी. पुण्याजवळच्या त्या कुंभाराचे नाव आपण गमावले. आज शस्त्र हाती घेणाऱ्याचे नाव, त्याच्या कामाचा परिणाम आणि रुग्णाचा होकार या तिन्ही गोष्टी कागदावर राहिल्या, तरच अधिकाराचा हा वाद अर्थपूर्ण ठरेल.