मुलाच्या हाती काडेपेटी

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी हाइनरिख हॉफमन नावाचे एक डॉक्टर राहत असत. १८४४ सालच्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक आणावे म्हणून ते बाजारात गेले. पाहावे ते पुस्तक उपदेशाने भरलेले. शेवटी त्यांनी एक कोरी वही विकत घेतली आणि स्वतःच गोष्टी रचून, चित्रे काढून ती भरून टाकली. पुढच्याच वर्षी ती छापली गेली आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर पसरली. या पुस्तकात पाउलिन्शेन नावाच्या मुलीची एक गोष्ट आहे. आईवडील बाहेर गेले आहेत, मुलगी घरात एकटीच आहे, आणि तिला काडेपेटी दिसते. घरातल्या दोन मांजरी परोपरीने तिला आवरतात. ती ऐकत नाही. काडी ओढते, ज्योत पाहून हरखते, नाचते. झगा पेट घेतो, आणि अखेर राखेच्या ढिगाशेजारी तिचे दोन लहानसे बूट तेवढे उरतात.

उपदेशाला कंटाळलेल्या माणसाने लिहावी अशी ही गोष्ट खासच नव्हे! पण भगिनींनो, ती वाचताना माझ्या मनात आले ते निराळेच. एवढ्याशा पोरीला घरात एकटीला ठेवून गेले कोण? काडेपेटी तिच्या हाताशी ठेवली कोणी? गोष्टीत त्याबद्दल चकार शब्द नाही. सारा दोष मुलीचा.

त्या काळची काडी आपल्या आजच्या काडीसारखी गरीब नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्याने १८२७ साली विकावयास काढली. थोड्याच वर्षांत काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस घालू लागले. ही काडी भिंतीवर, फरशीवर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही घासली की पेटे. शिवाय ती विषारी. मुलाने गूल चोखले तरी जिवावर बेतावयाचे. ज्या कारखान्यांत त्या बनत, तेथील कामगारांचे जबड्याचे हाड सडत असे. १८८८ साली लंडनमधील ब्रायंट अँड मे या कारखान्यातील सुमारे चौदाशे स्त्रिया आणि मुलींनी संप केला. त्यांची दैना वर्तमानपत्रात मांडणाऱ्या बाई म्हणजे अॅनी बेझंट, ज्या पुढे आपल्याकडे येऊन १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. काडेपेटीच्या इतिहासात स्त्रियांचे हे पान मोठे आहे. पण त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. स्वीडनमध्ये गुस्ताफ पाश यांनी १८४४ सालीच, म्हणजे हॉफमन वही रंगवीत होते त्याच वर्षी, फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या कडेला नेण्याची युक्ती शोधली होती. पुढे लुंडस्ट्रॉम बंधूंनी बिनविषारी तांबडा फॉस्फरस वापरून ती सुधारली. काडी एकीकडे, घासावयाची पट्टी दुसरीकडे. दोन्ही एकत्र आल्यावाचून सहसा पेटत नाही. तरीसुद्धा पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या स्वस्त म्हणून खपत राहिल्या. १९०६ साली बर्न येथे काही राष्ट्रांनी त्या बंद करण्याचा करार केला, आणि हिंदुस्थानात त्यांच्या बंदीचा कायदा १९१३ साली झाला. मुले शहाणी होण्याची वाट न पाहता काडीच शहाणी केली, असे मला म्हणावेसे वाटते.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. इंग्लंडात घरोघरी उघडी शेगडी धगधगत असे आणि थंडीने काकडलेली मुले तिच्यापुढे बसत. १९०८ सालच्या मुलांच्या कायद्याने असे ठरविले की, सात वर्षांखालील मूल असलेल्या खोलीत जाळीवाचून शेगडी पेटती ठेवली आणि मूल भाजून दगावले किंवा गंभीर जखमी झाले, तर पालकाला दहा पौंडांपर्यंत दंड. दंड मुलाला नव्हे, पालकाला! १९६४ साली तेथे मुलींच्या रात्रीच्या झग्यांच्या कापडावर नियम आले. अमेरिकेत १९९४ पासून सिगारेटचे लायटर लहान मुलांच्या बोटांना सहज पेटणार नाहीत असे बनविणे सक्तीचे झाले, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हातून लागणाऱ्या आगी पुढे बऱ्याच कमी झाल्याचे पाहणीत दिसून आले.

हे सारे मी शोधीत बसले त्याला कारण घडले. मंडळाच्या एका बैठकीत एका भगिनीने विचारले, “माझा सहा वर्षांचा मुलगा चोरून काड्या ओढतो, काय करू?” कोणी म्हणाले, अंधाऱ्या खोलीत कोंडा. दोघीतिघींनी तर अगदी सहज सांगितले, “उदबत्तीचा एक चटका द्या बोटाला, जन्मात नाव घेणार नाही.” हा उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि तो प्रेमापोटीच केला जातो, हे मी जाणते. तरीही त्याला माझा सक्त विरोध आहे. चटका बसलेले मूल काडी सोडत नाही, ती पलंगाखाली, कपाटामागे, गोधड्यांच्या ढिगाआड ओढू लागते. आणि आग लागलीच, तर मार बसेल या धास्तीने ओरडण्याऐवजी तेथेच लपून बसते. जळत्या घरातून मुलांना बाहेर काढणाऱ्या बंबवाल्यांना ती अशाच जागी सापडतात.

मग मुलाला ज्योतीची एवढी ओढ का? कॅलिफोर्नियातील मानवशास्त्रज्ञ डॅनियल फेसलर यांनी २००६ साली यावर एक विचार मांडला, तो मला फार पटला. ते म्हणतात, आग शिकून घेण्याची ओढ माणसाच्या उपजतच असावी. जेथे रोजच्या जीवनात आग वापरली जाते, तेथे मुले मोठ्यांच्या देखत ती हाताळतात, सातव्या वर्षाच्या सुमारास त्यात तरबेज होतात, आणि मग त्यांचे कुतूहल ओसरते. जेथे ही संधीच मिळत नाही, तेथे ते लांबत जाते. आपल्या आजीच्या स्वयंपाकघराची आठवण करा. चूल फुंकणे, बंबात ढलप्या घालणे, शेजारून पळीत निखारा आणणे ही मुलांचीच कामे असत. त्या काळी कोणी भाजत नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. चुलीने पदर आणि परकर पुष्कळ जाळले आहेत. पण आग म्हणजे काय, हे मुलाला ठाऊक असे. आता गॅसची निळी ज्योत ओट्यावर, मुलाच्या नजरेच्या वर. त्याला आग भेटते ती वाढदिवसाच्या मेणबत्तीत आणि दिवाळीच्या फुलबाजीत, तीही नायलॉनचा झगमगीत पोशाख अंगावर असताना.

सगळीच मुले केवळ कुतूहलाने काडी ओढतात असेही नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉ. हेलन यार्नेल यांनी आगी लावणाऱ्या मुलांचा अभ्यास १९४० साली प्रसिद्ध केला. त्यांतील लहानग्यांनी लावलेल्या आगी बहुधा घरात किंवा घराजवळच होत्या, आणि त्यांच्या मुळाशी माया न मिळाल्याचे दुःख व राग होता. मूल वारंवार, ठरवून, रागाच्या भरात किंवा घरात काही मोडतोड झाल्यानंतर आग लावू लागले, तर तो खोडकरपणा समजू नये. मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे त्याला न्यावे, आणि त्यात लाज मानू नये.

त्या भगिनीने काय केले ते सांगते. घरातल्या साऱ्या काडेपेट्या आणि गॅसचा लायटर उंच फळीवर गेले. सायंकाळी देवापुढचे निरांजन मुलाने आईच्या मांडीशी बसून लावावयाचे, अंगात सुती सदरा, शेजारी पाण्याचा तांब्या. विझलेली काडी तांब्यात बुडवावयाची, तीही त्यानेच. पहिले आठ दिवस तो दिवसभर सायंकाळची वाट पाही. महिन्याभराने हाक मारून बोलवावे लागे. आणि एक वचन तिने त्याला दिले होते: कोठेही काडेपेटी सापडली तर आणून दे, मी रागावणार नाही. एकदा जिन्याखाली सापडलेली पेटी त्याने खरेच आणून दिली. तिने ती घेतली, फळीवर ठेवली आणि त्याला जेवावयास वाढले.