केंद्रस्थानी कोणाचे मूल?

'बालकेंद्री अभ्यासक्रम' हा शब्द शिक्षकांच्या शिबिरांतून मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो स्वीकारला आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २९ मध्ये त्याला कायद्याचे बळ दिले. या शब्दाला माझा विरोध नाही. परंतु मूल म्हणजे कोणाचे मूल, हा प्रश्न विचारल्याखेरीज तो मला उच्चारवत नाही. याला कारण माझ्याच वर्गात घडलेला एक प्रसंग आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षे. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. मुलाच्या अनुभवापासून पाठ सुरू करावा, हे शिबिरात नुकतेच शिकून आलो होतो. मी मुलांना सांगितले, उद्या वडिलांच्या कामातले एकेक हत्यार घेऊन या. दुसऱ्या दिवशी सुताराच्या पोराने वाकस आणला, कुणब्यांच्या पोरांनी विळे-खुरपी आणली, शिंप्याच्या मुलीने कात्री आणली. एक मुलगा रिकाम्या हाताने आला. त्याचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "विसरलो, गुरुजी." मागून कोणीतरी "झाडू" म्हणाले आणि वर्ग हसला. त्यानंतर आठवडाभर तो शाळेत फिरकला नाही. मी स्वतः महारवाड्यातून शिकून आलेला माणूस. लहानपणी मीही असेच काहीबाही 'विसरत' असे. तरीही ही चूक माझ्या हातून झाली.

ज्या समाजात जन्मावरून काम ठरते आणि कामावरून माणसाची किंमत ठरते, तेथे 'मुलाचा अनुभव' ही निरागस गोष्ट नसते. एकाचा अनुभव वर्गात मिरवण्याचा असतो, तर दुसऱ्याचा लपवण्याचा. ही अडचण आपल्याकडे प्रथम कोणी ओळखली, हे शोधू लागलो की मी जोतीरावांपाशी येऊन थांबतो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, ते आपण बहुधा सक्तीच्या शिक्षणाची मागणी म्हणून वाचतो. मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यात आहेच. पण तो अभ्यासक्रमाचाही मसुदा आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरील धडे, आणि शेती हाताने करून शिकता यावी म्हणून शाळेला जोडलेली छोटी नमुन्याची शेती. चालू क्रमिक पुस्तके व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, असेही त्यांनी बजावले. शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत याचे कारण त्यांनी मुलाच्या बुद्धीत शोधले नाही. दारिद्र्य आणि गुरे राखण्याची व शेत सांभाळण्याची गरज, ही कारणे त्यांनी दाखवली. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तक बदलले पण शिकवणाऱ्याची नजर बदलली नाही तर मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळकरी मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाचा जाब धर्माला आणि समाजाला विचारला. आपला अनुभव तिने लपवला नाही. त्याची मीमांसा केली. माझ्या वर्गातला मुलगा गप्प राहिला आणि मुक्ता बोलली, यातला फरक दोन मुलांच्या धिटाईचा नव्हे. तो दोन शाळांचा आहे.

याच्या उलट, बाबासाहेबांच्या वाट्याला आलेली शाळा पाहा. साताऱ्यात ते वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसत आणि ते गोणपाट रोज घरी नेऊन परत आणत. शिपाई असेल तरच पाणी मिळे. पुढे मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत घेता आले नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे छापील अभ्यासक्रमाशेजारी दुसरा, न छापलेला अभ्यासक्रम चालू होता आणि तोच अधिक काटेकोरपणे शिकवला जात होता.

हे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे जॉन ड्यूई त्यांचे अध्यापक होते. ड्यूईंनी १८९६ साली शिकागोला आपली प्रयोगशाळा सुरू केली होती आणि १९०२ मध्ये मूल व अभ्यासक्रम यांच्या नात्यावर पुस्तक लिहिले होते. त्यांचा विचार आपल्याकडे अर्धाच पोचला. मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करा, एवढेच शिबिरात सांगितले जाते. पण ड्यूईंच्या लेखी तो अनुभव हे केवळ निघण्याचे ठिकाण आहे. पोचायचे असते ते मानवजातीने जमवलेल्या सुसंघटित ज्ञानापर्यंत. मुलांच्या लहरीवर चालणाऱ्या नव्या शाळांवर त्यांनी १९३८ साली स्वतःच टीका केली. आपल्या मुलांना हा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात सांगितले होते की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. सुरुवात कोठून झाली यापेक्षा मूल कोठवर पोचले, हा त्यांचा हिशेब होता.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवणारी योजना आखली. मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण ही त्यातील बाजू मोलाची होती. हाताला आणि डोक्याला जोडण्याचा हेतूही चांगला होता. परंतु ज्याच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामाशिवाय दुसरे काही करूच दिले नाही, त्याच्या मुलाला चरखा हे नवे शिक्षण वाटेल काय? ब्राह्मणाच्या मुलाला टकळी धरायला लावणे ही क्रांती असेल. आमच्या मुलाची क्रांती ग्रंथालयात शिरण्यात होती.

मुलाच्या बाजूने शाळा वाकवण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर केला. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. वारल्यांची मुले गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा काढली. जोतीरावांनी १८८२ साली सांगितलेली अडचण येथे शाळेने आपल्या अंगावर घेतली. 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ नंतर सरकारी योजनेतून देशभर गेला. त्याच्या मुळाशी असलेली ही नम्रता मात्र सगळीकडे गेली असे म्हणवत नाही.

म्हणून माझ्या शिक्षक-कार्यकर्त्या मित्रांना मला एवढेच सांगावयाचे आहे. कोणताही नवा अभ्यासक्रम हाती आला की चार प्रश्न विचारा. मूल कोठे बसते? कोणाच्या भाषेत शिकते? शिकवणारा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? आणि ते शेवटी कोठे पोचते? यांची उत्तरे नसतील तर केंद्रस्थानी मूल नाही, जातच आहे.

तो पाठ मी पुढे पुन्हा घेतला, पण वेगळ्या रीतीने. हत्यारे आणावयास सांगितली नाहीत. आपले गाव रोज कोण झाडते, त्याचा पगार किती, आणि ते काम एकाच जातीकडे का, हे शोधून आणण्यास साऱ्या वर्गाला सांगितले. त्या दिवशी कोणी हसले नाही.