दोन वेगळे ५० मिलिसेकंद

६ ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत आला. सोनं गेलं केनियाच्या अब्राहम किबिवोटकडे, ८:११.१५ ला. फरक ०.०५ सेकंदाचा, म्हणजे ५० मिलिसेकंद. आकडा लक्षात ठेवा. हृदयाच्या संशोधनातही एक प्रसिद्ध ५० मिलिसेकंद आहे, आणि त्याचा घोळ करणं फार सोपं आहे.

नाडी मिनिटाला ६० म्हटली की आपल्याला वाटतं, दोन ठोक्यांत बरोबर १००० मिलिसेकंद. तसं नसतं. एक अंतर ९६०, पुढचं १०३०. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. कार्ल लुडविगने १८४७ मध्येच हे यंत्रावर नोंदवलं होतं. यामागे मुख्यतः व्हेगस ही नस. थकवा, ताप, अपुरी झोप असली की तिची पकड सैल होते आणि हा चढउतार सहसा घटतो. यालाच एचआरव्ही म्हणतात.

आता तो ५०. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या २४ तासांच्या ईसीजी नोंदी तपासल्या. सरासरी ३१ महिन्यांत १२७ जण दगावले. ज्यांचं एसडीएनएन, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन, ५० च्या खाली होतं, त्यांचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा ५.३ पट निघाला.

आणि इकडे पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणारा पोरगा घड्याळात ४२ बघून घाबरतो! पण ॲप किंवा घड्याळ बहुतेकदा आरएमएसएसडी दाखवतं. लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकावरून काढलेला तो वेगळाच आकडा, आणि पुष्कळदा काही मिनिटांच्याच नोंदीवरचा. वेगवेगळ्या लांबीच्या नोंदींतले असे आकडे एकमेकांशी ताडू नयेत, हे युरोप-अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने १९९६ मध्येच लिहून ठेवलंय. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ही चूक येऊ देऊ नका.

सरावासाठी वापर दाखवणारा एक गाजलेला प्रयोग २००७ चा, फिनलंडमधल्या अँटी किविनिएमींच्या गटाचा. २६ पुरुष, चार आठवडे. एका गटाचा सराव आधीच ठरलेला. दुसऱ्याचा रोज सकाळच्या एचआरव्हीवरून: घसरला तर हलकं पळा किंवा सुट्टी, नाहीतर जोरात. दुसऱ्या गटाचा कमाल वेग जास्त सुधारला. तुलना प्रत्येकाची स्वतःच्याच मागच्या दिवसांशी. ५० ची रेषा तिथे कुठेच नाही.

पण २६ माणसं, तीही फिनलंडची. आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पहाटे ऊस तोडून मोळ्या वाहिलेल्या पोराचा आकडा घसरला, तर तो पळण्यामुळे की मोळ्यांमुळे? घड्याळ ते सांगत नाही. शेजारी वही लागते: झोप किती, काम कोणतं, ऊन कसं, पोटात काय.

आणि समजा, कारण सापडलं. ‘आज आराम’ हा सल्ला देणार कोणाला? उचल घेतलेल्या कोयत्याला खाडा पडला की पैसे कापले जातात. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एकदा फडात जाऊन या, आणि सुट्टी कोणाच्या हातात असते ते विचारा.