कपाटाच्या दारातला रोव्हर्स कप

जुन्या नाशकातल्या आमच्या घरी एक लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराला आतून एक जाहिरात चिकटवलेली होती, रोव्हर्स कप फुटबॉल स्पर्धेची. 1956 साली अब्बा विशीत होते. नाशिकरोडला गाडी पकडून ते मुंबईला गेले आणि कूपरेज मैदानावर त्यांनी अंतिम सामना पाहिला. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं मोहन बागानला हरवलं. परतताना भिंतीवरची जाहिरात त्यांनी हलक्या हातानं सोडवून आणली.

रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला. पुढची चाळीसहून अधिक वर्षं तो गोऱ्या पलटणीच जिंकत राहिल्या. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघानं तो पहिल्यांदा हिंदुस्थानी हातांत आणला. मग 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलीस. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारतानं 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी कर्करोगानं ते गेले. त्यांचं नाव निघालं की अब्बा हातातलं काम थांबवत.

मला मात्र या कशाचं अप्रूप नव्हतं. 1986 साली मी सतरा वर्षांचा होतो. मेक्सिकोचा विश्वचषक सुरू झाला तेव्हा रमजान होता आणि मोहल्ल्यात सहेरीपर्यंत एकच नाव चालायचं, मॅराडोना. 29 जूनला मध्यरात्री शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अर्जेंटिनानं पश्चिम जर्मनीला 3-2 असं हरवलेलं पाहिलं. एका क्रीडा साप्ताहिकाच्या मधल्या पानावर मॅराडोनाचं पोस्टर आलं. घरात जागा कुठली? कणकेची खळ केली आणि सरळ अब्बांच्या जाहिरातीवरच ते डकवून दिलं.

संध्याकाळी अब्बांनी कपाट उघडलं. क्षणभर पाहिलं, सदरा काढला, दार लावलं. बोलले काहीच नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

विश्वचषकाच्या पोस्टरांना जगात मान आहे. 1982 चं स्पेनचं पोस्टर तर खोआन मिरोसारख्या थोर चित्रकारानं केलं. ती लोक जपतात, चढ्या किमतीनं विकत घेतात. आमच्या रोव्हर्सची जाहिरात गल्लीतल्या भिंतीवर लागायची आणि पहिल्या पावसात वाहून जायची. 2000-01 च्या हंगामानंतर ती स्पर्धाही बंद पडली.

अब्बा गेल्यावर मी ते दार काढून ओल्या फडक्यानं तासभर भिजवलं. मॅराडोना निघाला, पण खालचा कागदही त्याच्याबरोबर सुटत आला. लाकडावर राहिली ती फक्त ‘कूपरेज’ची अर्धी अक्षरं.

घर बदललं, कपाट मोडीत गेलं. दार मी ठेवलंय. नातवंडं विचारतात, हे काय आहे? मी रहीमसाहेबांपासून सुरुवात करतो.