रायगडाचा निरोप

इ. स. १६८९ च्या मार्चांत संभाजीमहाराजांचा वध झाला, आणि तो महिना सरण्यापूर्वींच इतिकादखानाची फौज रायगडास भिडली. गडावर राजाराममहाराज, महाराणी येसूबाई व सात वर्षांचेहि न झालेले शाहूराजे एकत्र होते.

ज्या श्रोत्यांनीं रायगड पाहिला आहे, त्यांस गंगासागराचें पाणी, उंच जोत्यांची दुतर्फा बाजारपेठ आणि जगदीश्वराच्या देवालयाजवळील थोरल्या महाराजांची समाधि आठवेल. तो नुसता किल्ला नव्हे, डोंगरावर वसलेली राजधानी होती. एकोणीस वर्षांच्या राजारामांचें बाळपण बहुतेक तेथेंच गेलेलें.

सर्वांनीं एकाच गडावर कोंडून घेणें म्हणजे राज्य एका डावांत घालविणें होय, हें येसूबाईंनीं ओळखलें. पति जाऊन महिनाहि उलटला नव्हता. तरी राजारामांनीं बाहेर पडावें व आपण मुलासह मागें राहावें, असाच सल्ला त्यांनीं दिला. लढायांस बखरींत पानेंच्या पानें मिळतात. अशा घटकेच्या वांट्यास दोन ओळी येतात! ५ एप्रिल रोजीं राजाराम गड उतरून प्रतापगडाकडे गेले. पुढें पन्हाळा, आणि तेथून दूर तामिळ मुलखांतील जिंजी.

नोव्हेंबरांत रायगड पडला. मायलेक मोगलांच्या कैदेंत गेलीं. शाहू १७०७ सालीं सुटले, येसूबाई १७१९ सालीं. राजाराम जिंजीहून महाराष्ट्रांत परतले, पण रायगड शत्रूच्याच हातीं होता. १७०० सालीं सिंहगडावर त्यांचा अंत झाला. दीर-भावजयीची भेट पुन्हां झाली नाहीं.